जय, पराजय आणि करुणा

दिल्लीच्या आग्नेयेस, नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, दनकौर नावाचे एक जुने गाव आहे. तेथे द्रोणाचार्यांचे मंदिर आहे. आचार्यांचा या भूमीशी संबंध होता आणि एकलव्याने त्यांची मूर्ती येथेच घडविली, अशी त्या भागातील लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेला इतिहासाची कसोटी लावण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र ज्या परिसरात १९७६ साली शेतजमिनींवर नवे औद्योगिक नगर वसविण्यास आरंभ झाला, जेथे आज उंच इमारतींतून लक्षावधी कुटुंबे राहतात, आणि जेथे प्रत्येक शाळेच्या क्रीडादिनी मैदानाच्या कडेला आईबाप मुलांपेक्षाही अधिक उत्कंठेने उभे असतात, त्याच परिसरात द्रोणांच्या शिष्यांची आठवण जागी आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण खेळातील जिंकण्याचा प्रश्न पहिल्याने उभा राहिला तो त्या शिष्यांच्याच बालपणी.

महाभारताच्या आदिपर्वात पांडव आणि कौरव यांच्या लहानपणच्या खेळांचे वर्णन आहे. गीता वाचणारे पुष्कळ असतात. पण या प्रसंगाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. धावण्यात, नेम धरण्यात, खाण्यात, धूळ उडविण्यात भीम सर्वांच्या पुढे असे. तेवढ्याने त्याचे समाधान होत नसे. तो धृतराष्ट्राच्या मुलांचे केस धरून त्यांना जमिनीवरून फरफटत नेई. पाण्यात खेळताना दहा दहा मुलांना कवेत घेऊन बुडी मारी आणि त्यांचे प्राण कासावीस झाले म्हणजे सोडी. मुले फळे काढावयास झाडावर चढली की खाली उभा राहून झाडाला अशा लाथा मारी की फळांबरोबर मुलेही खाली पडत. महर्षी व्यास येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. भीमाच्या मनात द्वेष नव्हता, तो हे सारे पोरवयाने करीत असे. आणि लागलीच ते दुसरी गोष्ट सांगतात : दुर्योधनाच्या मनात वैर उत्पन्न झाले ते येथून. त्यानंतर प्रमाणकोटीच्या तीरावर भीमाच्या अन्नात विष कालविले गेले.

अठरा अक्षौहिणी सैन्याच्या संहाराचे एक बीज मुलांच्या खेळात पडले होते, असा याचा अर्थ होतो. भीम जिंकला हा त्याचा दोष नव्हे; बळ असणाऱ्याने जिंकावे यात अन्याय कोणता? झाडावरून पडलेल्या मुलाकडे त्याने पाहिले नाही, एवढाच त्याचा दोष. तोही द्वेषाने नव्हे, केवळ अनवधानाने. परंतु पडलेल्याला ते अनवधान द्वेषाहून निराळे दिसत नाही.

एवढ्यावरून जिंकण्यापेक्षा करुणा श्रेष्ठ, असे चटकन म्हणून मोकळे होता येईल. पण गीतेचा अभ्यास करणाऱ्या गृहस्थाला असे मोकळे होता येत नाही. त्याच्यापुढे एक मोठी अडचण उभी राहते. पहिल्या अध्यायात अर्जुनही हेच म्हणत होता. मला विजय नको, राज्य नको, यांना मारून मिळणारे सुख नको, असे तो परोपरीने सांगतो. त्याचे अंतःकरण कृपेने भरून आले होते, असे गीताकारांचेच शब्द आहेत. आणि भगवंतांनी त्याची पाठ थोपटली नाही. त्याच्या या अवस्थेला त्यांनी हृदयाचे दौर्बल्य म्हटले आणि त्याला उठून उभे राहावयास सांगितले. मग धावण्याच्या शर्यतीत पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी थांबणारा मुलगा हा पहिल्या अध्यायातला अर्जुनच नव्हे काय? त्याचे कौतुक करणारा बाप गीतेच्या विरुद्ध जात नाही काय?

या शंकेचे निरसन शब्दांच्या बारकाईने पाहिल्यावाचून होत नाही. अर्जुनाची कृपा कोणावर होती? समोरच्या सैन्यात त्याला आजे, आचार्य, मामे, बंधू, पुत्र, नातू दिसले. 'स्वजन' हा शब्द त्याच्या तोंडी पुनःपुन्हा येतो. निवातकवचांशी लढताना त्याचे धनुष्य गळून पडले नव्हते. तेव्हा ती कृपा माणसावर नव्हती, माझेपणावर होती. उलट बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगू लागतात तेव्हा आरंभीच तो कोणाही प्राण्याचा द्वेष न करणारा, सर्वांचा मित्र आणि करुणावान असल्याचे सांगतात, आणि त्याच श्लोकात तो ममतेवाचून असतो हेही सांगतात. ज्या ठिकाणी करुणा आहे त्याच ठिकाणी 'माझे' हा भाव नाही. पहिल्या अध्यायात नेमके उलट आहे. तेथे ममत्व आहे म्हणून कृपा आहे. ममत्व काढून घेतले तर ती कृपाही उरणार नाही.

दुसरे असे की गीतेने जयाला तुच्छ लेखलेले नाही. दहाव्या अध्यायात विभूती सांगताना जय ही माझी विभूती आहे असे भगवंत म्हणतात, आणि त्याच श्लोकात जयाला लागूनच व्यवसायाचे, म्हणजे निश्चयपूर्वक उद्योगाचे, नाव घेतात. (त्याच श्लोकाच्या आरंभी छळ करणाऱ्यांमधील द्यूताचाही उल्लेख आहे. खेळाची दोन्ही टोके एका श्लोकात यावीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) दुसऱ्या अध्यायात लाभ आणि हानी, जय आणि पराजय समान मानावयास सांगितले आहे, ते लढाई सोडून देण्यासाठी नव्हे, लढण्यासाठी. म्हणून प्रतिपक्ष दुबळा आहे असे पाहून जो मुद्दाम हरतो त्याने करुणा केली असे म्हणणे युक्त नव्हे. तांबड्या मातीच्या आखाड्यात दोन मल्ल एकमेकांच्या अंगाला माती लावतात, आणि मग सर्व बळ एकवटून झोंबतात. त्यांतल्या एकाने लुटुपुटूची कुस्ती केली तर जिंकणाऱ्याचा त्याहून मोठा अपमान नाही. पूर्ण शक्तीने खेळणे हा समोरच्याला दिलेला मान आहे.

तर मग करुणेला खेळात स्थान कोठे? खेळ चालू असता एखादा क्षण असा येतो की एका बाजूला फळ उभे असते आणि दुसऱ्या बाजूला माणूस. ते फळ नियमाने आपल्याच पदरात पडलेले असते. अशा क्षणी काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

तसा एक क्षण मुंबईच्या वानखेडे मैदानावर १९८० च्या फेब्रुवारीत आला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडशी एकच कसोटी सामना योजला होता. १५ तारखेस सामना सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते म्हणून तो दिवस विश्रांतीचा ठेवण्यात आला. भारताचा पहिला डाव २४२ धावांत आटोपला होता. इंग्लंडची अवस्था त्याहून बिकट होती. ५८ धावांत त्यांचे ५ गडी बाद झाले होते, आणि इयान बोथम याच्या जोडीला यष्टिरक्षक बॉब टेलर खेळत होता. कपिल देवच्या चेंडूवर यष्टींमागे झेल गेला, अपील झाले, पंचांनी बोट वर केले. टेलरला वाटत होते की चेंडू बॅटला लागलाच नाही. तो खिन्न होऊन घुटमळला. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. टेलर बाद नाही अशी त्याची खात्री होती. तो पंचांकडे गेला आणि निर्णय मागे घेण्याची त्याने विनंती केली. टेलर परत खेळू लागला.

पुढे जे झाले ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बोथम आणि टेलर यांनी १७१ धावांची भागीदारी केली. बोथमने ११४ धावा काढल्या, टेलरने ४३. इंग्लंडचा डाव २९६ पर्यंत गेला. दुसऱ्या डावात भारत १४९ धावांत गारद झाला आणि इंग्लंडने एकही गडी न गमावता सामना जिंकला. सबंध सामन्यात बोथमने १३ बळी घेतले. आपल्याच उत्सवात आपण हरलो. आणि त्या हाराच्या मुळाशी, निदान एका अंशाने, आपल्याच कर्णधाराचा शब्द होता.

येथे विचारी माणसाच्या मनात एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. विश्वनाथ स्वतःपुरता खेळत नव्हता. त्याच्या हाती दहा सहकाऱ्यांचे श्रम होते आणि कोट्यवधी देशबांधवांची आशा होती. स्वतःचे देऊन टाकणे हा त्याग होय. दुसऱ्याचे देऊन टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? दुकानाच्या मुनिमाने मालकाच्या गल्ल्यातून दानधर्म केला तर त्याला कोणी दानशूर म्हणत नाही. घरातील कर्त्या पुरुषाला हा प्रश्न नित्य पडतो. आपल्यापुरते सोसावयास तो तयार असतो, पण मुलाबाळांच्या वाट्याचे सोडावे काय, येथे त्याचे पाऊल अडते.

याचे उत्तर त्याच दुकानात सापडते. एखाद्या गिऱ्हाइकाने चुकून जास्त पैसे दिले, आणि ते मुनिमाच्या ध्यानात आले, तर ते परत करताना त्याने मालकाची परवानगी मागावी काय? ते पैसे गल्ल्यात पडले तरी मालकाचे झालेच नव्हते. टेलरचा बळी पंचांच्या बोटाने भारताच्या हिशेबात जमा झाला, पण जो मिळालाच नव्हता तो विश्वनाथने सोडला असे कसे म्हणावे? त्याने सहकाऱ्यांचे काही दिले नाही. सहकाऱ्यांच्या नावावर चुकीने मांडलेली रक्कम खोडली. मग याला करुणा म्हणावे की केवळ न्याय? बहुधा दोन्ही. नियम आपल्या बाजूला असता, कोणी मागत नसता, मान खाली घालून परत फिरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडे पाहण्यास जे मन लागते ते करुणेचेच असते. त्या मनाने जे पाहिले त्याला नाव मात्र न्याय असे मिळते. भीमाने जे पाहिले नव्हते ते हेच.

विश्वनाथने भारताचे नेतृत्व दोनच कसोटी सामन्यांत केले. पहिला अनिर्णीत राहिला होता. मुंबईचा हा दुसरा, आणि शेवटचा.

कर्माचे फळ आपल्या अधिकारात नाही, हे वाक्य तोंडपाठ असणे निराळे आणि ते डोळ्यांनी पाहणे निराळे. सारख्याच वृत्तीने केलेल्या कर्माला किती वेगवेगळी फळे येतात ते पाहावे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमधील नौकानयनाच्या शर्यती बुसानजवळच्या समुद्रात चालल्या होत्या. एका शर्यतीत कॅनडाचा लॉरेन्स लेमियू दुसऱ्या स्थानी होता. वारा भडकला होता. दुसऱ्याच शर्यतीतील सिंगापूरचे दोन नाविक नाव उलटून पाण्यात पडलेले त्याला दिसले. त्याने आपली वाट सोडली, त्यांना पाण्याबाहेर काढले, गस्तीची नाव येईपर्यंत थांबला, आणि मग आपली शर्यत पुरी केली. पंचमंडळाने त्याला त्या शर्यतीत दुसरे स्थान बहाल केले आणि पुढे त्याला पिअर द कूबर्तँ पदकाने गौरविण्यात आले.

आता दुसरी घटना. २०२४ च्या सप्टेंबरात पॅरिस पॅरालिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त ही अल्पदृष्टी धावपटू तिसऱ्या क्रमांकाने अंतिम रेषेजवळ आली होती. अशा शर्यतीत धावपटू आणि तिचा वाटाड्या एकाच दोरीने जोडलेले असतात, आणि ती दोरी शर्यत संपेपर्यंत हातातून सुटता कामा नये असा नियम आहे. रेषा काही पावलांवर असता वाटाड्याच्या पायात गोळे आले आणि तो कोसळू लागला. तिने दोरी सोडून त्याला सावरले. क्षणभराचीच गोष्ट, लगेच दोरी पुन्हा हाती घेऊन दोघांनी रेषा ओलांडली. चौथी स्पर्धक कित्येक मिनिटे मागे होती. तरी दोरी सुटली होती. तिला बाद ठरविण्यात आले आणि त्या दिवशीचे कांस्यपदक मागून येणारीला मिळाले.

नियम करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. वाटाड्याने धावपटूला ओढून नेऊ नये, दोघांची गती एक राहावी, यासाठीच तो नियम आहे. पण एकाला पदक मिळाले आणि दुसरीचे गेले, एवढ्यावरून लेमियूचे कर्म श्रेष्ठ आणि काँगोस्तचे कनिष्ठ असे कोणी म्हणणार नाही. करुणा केली म्हणजे अखेर बक्षीस मिळतेच, असे मुलांना शिकविणारे गृहस्थ सद्भावनेनेच तसे शिकवितात. परंतु त्यात फळाची आशा मागच्या दाराने पुन्हा घरात येते. पुढे ज्या दिवशी मुलगा थांबेल, दोरी सोडून कोणाला तरी सावरील, आणि रिकाम्या हाताने घरी परतेल, त्या दिवशी आईबापांनी मला फसविले असे त्याला वाटेल.

या संबंधात एक गोष्ट घरोघरी सांगितली जाते. मतिमंद मुलांच्या शर्यतीत एक मुलगा पडला, तेव्हा बाकीची सारी मुले मागे फिरली, आणि हातात हात घालून सर्वांनी एकदमच रेषा ओलांडली, अशी ती गोष्ट. आपल्याकडे गावाचे नाव बदलून ती हैदराबादची म्हणूनही सांगतात. मुळात घटना अमेरिकेतील स्पोकेन या गावची, १९७६ सालची. तेथे सर्व मुले मागे फिरली नव्हती. एक किंवा दोन मुले फिरली, आणि पडलेल्याला उठवून बरोबर घेऊन गेली. बाकीची आपल्या वाटेने धावत राहिली. सांगणाऱ्यांनी एकाचे नऊ केले. हे करण्याची आवश्यकता नव्हती. सारेच फिरले तर फिरण्यात कष्ट ते कोणते? इतर पुढे जात असता एकाने मागे वळावे, यातच त्या कर्माचे वजन आहे. शिवाय जी मुले धावत राहिली तीही वाईट नव्हती. मैदानावर बहुतेक वेळी असेच घडते, आणि बहुतेक घरांतही.

नोएडातील एका नव्या बंदिस्त क्रीडागारात २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात प्रो कबड्डीचे सामने झाले. पुणेरी पलटण आणि यू मुंबा हे संघही तेथे खेळले. कबड्डीचे तीन जुने प्रकार महाराष्ट्रात परिचित आहेत : गामिनी, अमर आणि संजीवनी. आज सर्वत्र खेळला जातो तो संजीवनी. त्यात बाद झालेला खेळाडू कायमचा बाद होत नाही. त्याच्या जोडीदाराने प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण पुन्हा जिवंत होऊन आत येतो. सामना रंगात आला की प्रेक्षकांची दृष्टी चढाई करणाऱ्यावर खिळते. पण रेषेबाहेर बसलेल्या गड्याची दृष्टी कोठे असते हे एकदा पाहावे. दुसऱ्याचे यश हेच त्याचे आयुष्य असते, आणि हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. प्रतिपक्षाविषयी अशी दृष्टी कोणताही नियम देत नाही. ती द्यावयाची झाल्यास घराने द्यावयाची.

याच जिल्ह्याने पराजयाचीही एक सभ्य रीत पाहिली आहे. सुहास यतिराज हे गौतम बुद्ध नगरचे जिल्हाधिकारी असताना, २०२१ साली, टोकियो पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटनचा अंतिम सामना फ्रान्सच्या लुका मजूरकडून हरले आणि रौप्यपदक घेऊन कामावर परतले. २०२४ साली पॅरिसला ते पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले आणि त्याच मजूरकडून पुन्हा हरले. त्यानंतर चारच दिवसांनी, जेवरजवळच्या गोविंदगढ गावचा प्रवीणकुमार, ज्याचा एक पाय जन्मतः आखूड आहे, त्याने २.०८ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक मिळविले. टोकियोत त्याला रौप्य मिळाले होते. त्या जिल्ह्यातील घरांत एकाच आठवड्यात हार आणि जीत दोन्ही आल्या. मिठाई कोणासाठी वाटावी हा प्रश्न पडला असेल तर तो चांगला प्रश्न होता.

अशाच एका रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवरील पानिपतजवळ, खंडरा गावच्या एका घरात माणसे जमली होती. मराठी माणसाला पानिपत हे गाव नव्हे, तो एक वाक्प्रचार आहे. कोणाचा सर्वस्वी पराभव झाला की त्याचे पानिपत झाले असे तो आजही म्हणतो. त्या घरचा मुलगा नीरज चोप्रा पॅरिसला भाला फेकीत होता. तीन वर्षांपूर्वी टोकियोत त्याने सुवर्णपदक जिंकले होते. या वेळी त्याचा भाला ८९.४५ मीटरवर पडला आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा ९२.९७ मीटरवर. वार्ताहर नीरजच्या आईपुढे, सरोजदेवींपुढे, ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहिले. रौप्यपदकाचा आपल्याला आनंदच आहे, असे त्या म्हणाल्या. आणि ज्याला सुवर्ण मिळाले तोही आपलाच मुलगा आहे, असे त्यांनी सांगितले. सहाव्या अध्यायात, स्वतःच्या उपमेने सर्वांचे सुखदुःख पाहणाऱ्या योग्याला भगवंतांनी परम योगी म्हटले आहे. गावाकडच्या त्या माउलीने हे एखाद्या प्रवचनासाठी म्हटले नव्हते. मुलगा आताच हरला होता, दारात गर्दी होती, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे होते.

सीमेपलीकडे मियाँ चन्नूजवळच्या गावात अर्शदच्या आईलाही वार्ताहरांनी गाठले. नीरज हाही मला मुलासारखा आहे, मी त्याच्यासाठीही प्रार्थना केली, असे ती म्हणाली.